किराणा दुकान स्वयंपाक करायला लागलं, की काय काय बदलतं

सुपरमार्केटात शिरल्यावर पहिल्या दहा पावलांत काय मांडलंय ते बघा. पूर्वी तिथे हमखास भाजी-फळं असायची. आता पुष्कळ ठिकाणी दाराजवळच काचेची कपाटं लागतात. एकात गरमागरम भाजलेली कोंबडी, दुसऱ्यात एका माणसापुरते भाताचे डबे, शेजारी सूप, चिरून ठेवलेलं सॅलड, आणि नुसतं गरम केलं की ताटात वाढता येईल असं अख्खं जेवण. पीठ, तेल, मसाले आतल्या रांगांत सरकलेत. दुकानात लोक जेवायला बसत नाहीत, डबा घेऊन घरी जातात आणि आपल्याच टेबलावर, आपल्याच ताटात जेवतात. जेवण घरचं, पण चूल पेटली ती दुकानात किंवा दुकानाच्या कारखान्यात.

ही फक्त मांडणीतली अदलाबदल असती तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. तांदूळ विकणं आणि भात विकणं वरवर सारखंच वाटतं. पण त्यामागचा हिशेब, लागणारी माणसं, यंत्रं, कायदे आणि नुकसान सोसण्याची तयारी यांतलं काहीच सारखं नाही. तांदळाचं पोतं आज खपलं नाही तर पुढच्या महिन्यात खपतं. भाताचा डबा आज रात्री खपला नाही तर उद्या फेकावा लागतो. तयार जेवणाने किरकोळ धंद्यात जे जे उलटंपालटं केलंय, त्यातलं बरंचसं या एका फरकातून निघतं.

कष्टांची उलटी वाटचाल

सुपरमार्केट मुळात कशावर उभं राहिलं ते आधी समजून घेऊ. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान उघडलं. तोवर दुकान म्हणजे काउंटर, काउंटरपलीकडे दुकानदार, आणि हातात यादी घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक. नोकर एकेक वस्तू काढून, तोलून, बांधून द्यायचा. साँडर्स यांनी फळ्या गिऱ्हाइकासाठी मोकळ्या केल्या. वस्तू तुम्हीच शोधा, उचला, टोपलीत टाका आणि दाराशी पैसे द्या. नोकराचं काम गिऱ्हाइकाकडे गेलं, नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला.

पुढची कित्येक दशकं सुपरमार्केटची सगळी हुशारी याच दिशेने चालली. एकेका वस्तूमागे माणसाचे हात कमीत कमी कसे लागतील, हेच बघायचं. बंद पाकिटं आली, बारकोड आला, शेवटी बिलसुद्धा गिऱ्हाइकानेच करायचं यंत्र आलं. या धंद्यात निव्वळ नफा अगदी पातळ असतो, शंभराच्या विक्रीमागे साधारण एक ते तीन. त्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक मिनिटाला मोल होतं.

तयार जेवण नेमकं याच्या उलट चालतं. धुणं, सोलणं, चिरणं, शिजवणं, गार करणं, भरणं, लेबल लावणं ही सगळी कामं दुकान पुन्हा स्वतःच्या अंगावर घेतं. ही कामं नवी नाहीत. ती घराघरांत रोज होतच होती, बहुतेक ठिकाणी बायका करत होत्या, आणि त्यांचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात लागत नव्हता. तयार जेवणाचा डबा महाग का, असं लोक विचारतात, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं: जिन्नसांची किंमत आणि डब्याची किंमत यांच्यात जी तफावत दिसते, तिचा मोठा भाग म्हणजे घरात फुकट होत असलेलं काम आहे. बाजारात आल्यावर त्याची किंमत पहिल्यांदा आकड्यात दिसते. म्हणून या विषयाकडे ‘लोक आळशी झाले’ असं म्हणून पाहणं मला चुकीचंच नाही, अन्यायाचं वाटतं.

गोठवलेलं, गार आणि गरम

तयार जेवण म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात आणि गोंधळ होतो.

पहिली गोष्ट टिकाऊ जेवणाची. गोठवलेलं, किंवा बंद पाकिटात उच्च तापमानाला शिजवून निर्जंतुक केलेलं. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्वॅन्सन कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये गोठवलेलं अख्खं जेवण बाजारात आणलं आणि ते भरपूर खपलं. १९६७ साली अमाना कंपनीचा ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह आला, पुढे तो घरोघरी पोचला आणि या जेवणाची वाट आणखी सोपी झाली. पण दुकानाच्या दृष्टीने यात फारसं काही बदललं नव्हतं. स्वयंपाक कारखान्याने केला, दुकानाने डबा शीतकपाटात ठेवला. महिनोन्‌महिने टिकणारा माल, बिस्किटांसारखाच.

खरा फरक पडला तो दुसऱ्या प्रकाराने. गोठवायचं नाही, फक्त गार ठेवायचं. १९७९ साली ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने ‘चिकन किएव्ह’ (आत लोणी भरून, बाहेरून पावाचा चुरा लावलेली कोंबडी) हा पदार्थ गार स्वरूपात विकायला सुरुवात केली. गोठवलेलं अन्न वितळताना पाणी सुटतं, चव आणि पोत बिघडतो, तसं गार अन्नाचं होत नाही. ते ताज्याच्या जवळ राहतं, पण टिकतं मोजके दिवस. म्हणजे कारखान्यापासून गाडीपर्यंत, गाडीपासून कपाटापर्यंत तापमान कुठेही चढता कामा नये आणि माल रोज यायला हवा. असा माल विकायचा तर सगळी पुरवठ्याची व्यवस्था दुकानाच्या मुठीत हवी. म्हणून ब्रिटनमध्ये गार तयार जेवणावर मोठ्या कंपन्यांच्या ब्रँडपेक्षा दुकानांच्या स्वतःच्या नावाचा शिक्का जास्त बसला.

ही बाब छोटी वाटेल, पण सत्तेचा काटा इथे हलतो. साबण किंवा बिस्किटं विकताना दुकानदाराला कंपनीचं ऐकावं लागतं, कारण गिऱ्हाईक त्या नावासाठी येतं. तयार जेवणात पाककृती दुकानाची, नाव दुकानाचं, आणि पदार्थ बनवणारा कारखाना गिऱ्हाइकाला माहीतही नसतो. एखादा पदार्थ आवडला तर तो त्याच दुकानात मिळतो, दुसरीकडे नाही. बाकीचा सगळा माल कुठेही सारख्याच भावात मिळत असताना दुकानाला स्वतःचं वेगळेपण दाखवायची ही एक जागा उरते.

तिसरा प्रकार गरम जेवणाचा, दुकानातच शिजवलेल्या. यामागे उपाहारगृहांची धास्ती होती. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत बोस्टन चिकन नावाची साखळी सुरू झाली. भाजलेली कोंबडी, सोबत भाज्या, सगळं घरी नेण्यासाठी. १९९३ साली तिचे शेअर बाजारात आले तेव्हा पहिल्याच दिवशी भाव दुपटीहून वर गेला. संध्याकाळच्या जेवणाचं गिऱ्हाईक हातचं जातंय, हे सुपरमार्केटवाल्यांना तेव्हा लख्ख दिसलं. त्यांनीही भट्ट्या लावल्या. त्यांच्या बाजूने एक गोष्ट होती जी बोस्टन चिकनकडे नव्हती: कोंबडीवर त्यांना पोट भरायचं नव्हतं. कोंबडी घ्यायला आलेला माणूस दूध, पाव, फळंही घेऊन जातो, नफा तिथे निघतो. बोस्टन चिकनने शाखा चालवणाऱ्यांना कर्ज देऊन झपाट्याने दुकानं वाढवली होती. १९९८ साली कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. कर्जाचा डोलारा हे त्याचं मोठं कारण, आणि सुपरमार्केटांची स्पर्धाही होतीच.

हीच युक्ती टोकाला नेली कॉस्टको या अवाढव्य दुकानांच्या साखळीने. अमेरिकेत त्यांची भाजलेली कोंबडी वर्षानुवर्षं ४.९९ डॉलरलाच मिळते. ती ठेवलेली असते दुकानाच्या मागच्या टोकाला, म्हणजे तिथवर पोचायला अख्खं दुकान ओलांडावं लागतं. हा भाव टिकवण्यासाठी कंपनीने २०१९ साली नेब्रास्का राज्यात फ्रीमॉन्ट इथे स्वतःचा कोंबडी-प्रक्रिया कारखाना सुरू केला. अंडी उबवण्यापासून कोंबडी कापण्यापर्यंत सगळं तिथल्या साखळीत येतं. दुकानाने आधी स्वयंपाक हातात घेतला आणि त्याच्या मागोमाग शेतापर्यंत हात पोचला.

एका कोंबडीचा दिवस

भट्टीच्या काउंटरवर काय चालतं ते जवळून पाहिलं तर या धंद्याचं गणित चटकन कळतं. दुपारी चारच्या सुमारास पहिल्या सळ्या भट्टीत जातात, कारण गर्दी कामावरून सुटणाऱ्यांची. भाजायला तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सहा वाजता किती जण येतील, हे साडेचारलाच ठरवावं लागतं. बाहेर काढलेल्या प्रत्येक पाकिटावर वेळेची चिठ्ठी लागते. गरम कपाटात ती ठरावीक तासच राहू शकते. अन्न गरम राखायचं तर अमेरिकेच्या आदर्श नियमावलीनुसार किमान ५७ अंश सेल्सिअस, ब्रिटनमध्ये ६३ अंश. त्याखाली तापमान गेलं की जंतूंची वाढ सुरू. आणि तापमान राखलं तरी मांस कोरडं पडत जातं.

वेळ संपली की ती कोंबडी उतरवायची. झटपट गार करायची, मांस सोडवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते सॅलडमध्ये, सूपमध्ये किंवा सँडविचमध्ये जातं. चांगलं चालणारं दुकान आपल्या पदार्थांची यादीच अशी आखतं, की एका पदार्थाची शिल्लक दुसऱ्याचा कच्चा माल होईल. भाजी विभागातली थोडी ठेचाळलेली पण धडधाकट ढोबळी मिरची भाजून भाज्यांच्या डब्यात जाते. घरातल्या जाणत्या हातांना हे शिकवावं लागत नाही, पण शेकडो शाखांच्या साखळीला ते कागदावर, मिनिटांसकट लिहावं लागतं. शिवाय प्रत्येक टप्प्यावर पदार्थाचं वय लक्षात ठेवावं लागतं. उरलेलं मांस वापरलं म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

वाया जाणाऱ्या डब्याचा हिशेब

आता थोडं गणित, कारण ते कळल्याशिवाय संध्याकाळी सातला कपाट अर्धं रिकामं का, याचं उत्तर मिळत नाही.

समजा, एक डबा बनवायला सगळा खर्च धरून ६० लागतात आणि तो १०० ला विकला जातो. खपला तर ४० मिळाले. नाही खपला तर ६० गेले. म्हणजे एक डबा फेकला तर तो तोटा भरून काढायला दीड डबा विकावा लागतो. मग आणखी एक डबा बनवायचा की नाही, हे कसं ठरवायचं? तो खपण्याची शक्यता ६० टक्क्यांहून जास्त असेल तरच बनवण्यात अर्थ आहे. शंका असेल तर बनवू नये. म्हणून काळजीपूर्वक चालवलेल्या दुकानात दिवसअखेर काही पदार्थ संपलेले दिसतात, तो ढिसाळपणा असेलच असं नाही.

पण आता त्यात एक बदल करू. दिवस संपताना उरलेला डबा ५० ला हमखास विकता आला, तर? मग न खपलेल्या डब्यामागचा तोटा ६० वरून १० वर येतो. तेवढ्याने गणित पालटतं. आता पूर्ण भावात खपण्याची शक्यता २० टक्क्यांहून जास्त असली तरी डबा बनवणं परवडतं. कपाट भरलेलं राहतं, उशिरा येणाऱ्याला जेवण मिळतं, आणि कचऱ्यात कमी जातं. फक्त एक धोका आहे: रोज रात्री स्वस्त मिळतं हे एकदा कळलं, की पूर्ण भावाचं गिऱ्हाईकही थांबायला शिकतं. साखळ्यांचे मालक सवलतीला बिचकतात ते यामुळे.

या बिचकण्याची किंमत कोण मोजतं, हे जपानमध्ये उघड झालं. तिथल्या सेव्हन-इलेव्हन या छोट्या, रोजच्या गरजेच्या दुकानांच्या साखळीच्या शाखा बहुतेक स्वतंत्र दुकानदार चालवतात आणि मुख्य कंपनीला ढोबळ नफ्यातला (विक्रीतून मालाची किंमत वजा करून उरलेल्या रकमेतला) वाटा देतात. हा ढोबळ नफा काढताना फेकलेल्या अन्नाचा खर्च वजा धरत नसत. म्हणजे डबा फेकला तर भुर्दंड दुकानदाराला आणि मुख्य कंपनीचा वाटा जसाच्या तसा. असं असताना मुदत जवळ आलेला माल सवलतीत विकायलाही दुकानदारांना अडवलं जात होतं. जून २००९ मध्ये जपानच्या निकोप व्यापार आयोगाने ही अडवणूक बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर कंपनीने फेकलेल्या मालाच्या खर्चातला १५ टक्के वाटा स्वतः उचलायचं कबूल केलं. मला हा सगळा प्रकार फार बोलका वाटतो. अन्न वाया जातं तेव्हा आपण लगेच ‘गिऱ्हाइकांच्या सवयी’ म्हणून मोकळे होतो. पण किती अन्न फेकलं जाणार, हे पुष्कळदा करारातल्या एका कलमाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

फ्रान्सने दुसऱ्या टोकाला हात घातला. तिथे २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना न खपलेलं, खाण्यायोग्य अन्न मुद्दाम नष्ट करायला बंदी घातली आणि ते दान करण्यासाठी संस्थांशी करार करणं बंधनकारक केलं. हेतू चांगलाच आहे. पण टिनचा डबा दान करणं सोपं, रात्री नऊला उरलेलं आणि उद्या दुपारी मुदत संपणारं जेवण दान करणं अवघड. त्याला गार गाडी लागते, घेणाऱ्याकडे फ्रीज लागतो, आणि रात्री नऊला हजर असलेला माणूस लागतो.

तीन फेऱ्या आणि वीस अंश

तयार जेवण किरकोळ धंद्याला कुठवर नेऊ शकतं, हे पाहायचं तर जपानकडेच पुन्हा वळावं लागतं. सेव्हन-इलेव्हनचं तिथलं पहिलं दुकान मे १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसु भागात उघडलं. १९७८ साली त्यांनी ओनिगिरी, म्हणजे भाताचे तिकोनी गोळे, पाकिटात विकायला काढले. ही तोवर घरी करायची गोष्ट. त्याभोवतीचं समुद्री शेवाळाचं पान कुरकुरीत हवं, आणि ओल्या भाताला टेकलं की ते मऊ पडतं. यावर उपाय निघाला तो पाकिटाचा. पातळ फिल्मच्या दोन थरांत पान बंद ठेवायचं. फाडायची पट्टी खेचली, दोन्ही कोपरे ओढले, की फिल्म निघून येते आणि पान तेव्हा, पहिल्यांदाच, भाताला टेकतं.

दुसरी अडचण भाताची. फ्रीजमध्ये ठेवलेला भात कडक होतो हे आपल्याला माहीत आहे. शिजताना फुललेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रीजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने घडतं. म्हणून भाताच्या पदार्थांसाठी तिथे गाड्या आणि कपाटं २० अंशांच्या आसपास ठेवतात. गार सॅलडची गाडी वेगळी, गोठवलेल्या मालाची वेगळी. पण २० अंशांवर भात फार टिकत नाही, म्हणून माल दिवसातून तीनदा येतो. आणि तीनदा यायचा तर दुकानं एकमेकांजवळ हवीत, कारखाना त्यांच्या मध्यावर हवा, आणि प्रत्येक फेरीत काय हवं ते दुकानाने आधी कळवायला हवं. १९८२ पासून त्यांनी बिलाच्या यंत्रांवरून कुठली वस्तू कधी खपली याची नोंद घ्यायला सुरुवात केली. उद्या हवा कशी, जवळच्या शाळेत कार्यक्रम आहे का, हे धरून दुकानदार एकेका पदार्थाचा अंदाज बांधतो.

आधी पदार्थ ठरला, त्याने तापमान ठरवलं, तापमानाने फेऱ्या ठरवल्या आणि फेऱ्यांनी दुकानं कुठे उघडायची ते ठरवलं. सुपरमार्केटमध्ये आठवड्याचा बाजार एकदम होतो, इथे माणूस पुढच्या जेवणापुरतंच घेतो. जपानमध्ये अशा विकतच्या तयार पदार्थांची वर्षाची बाजारपेठ आता १० लाख कोटी येनच्या वर गेली आहे.

जंतूंना कपाट दिसत नाही

सुरक्षिततेचा भाग मी थोडा तपशिलात सांगणार आहे, कारण तयार जेवणात चूक झाली तर ती सुधारायची संधी गिऱ्हाइकाला मिळत नाही. कच्चं मांस घरी नेल्यावर आपण ते शिजवतो, आणि बहुतेक जंतू तिथे मरतात. तयार सॅलड आपण तसंच खातो.

सर्वांत धोक्याची वेळ शिजवण्याची नसते, गार करण्याची असते. काही जंतूंची बीजं उकळीतही तगून राहतात. मोठं पातेलंभर सूप तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर बाहेरून गार लागतं, पण मध्यभागी कित्येक तास कोमट राहतं. ही बीजं तेवढ्यात रुजतात आणि वाढतात. म्हणून अमेरिकेच्या नियमावलीत दोन टप्पे सांगितलेत: ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि एकूण सहा तासांच्या आत ५ अंशांपर्यंत. त्यासाठी उथळ ट्रे, बर्फाची आंघोळ किंवा जोरात गार हवा मारणारं यंत्र लागतं. साध्या दुकानाने एक शेगडी आणून स्वयंपाक सुरू केला, असं होत नाही ते यामुळे. चुलीपेक्षा गार करायची सोय महाग पडते.

आणि लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजमध्येही वाढतो, सावकाश का होईना. गरोदर बाई, नवजात बाळ, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांना त्याचा फार मोठा धोका असतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसाच्या एका पदार्थातून त्याची साथ पसरली. हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक दगावले. पाकिटावरची ‘या तारखेपर्यंत खा’ ही सूचना आणि ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही सूचना यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी चवीबद्दल असते, तिच्याकडे थोडा कानाडोळा चालतो. पहिलीकडे चालत नाही.

लेबलचा प्रश्नही दुकानाच्या स्वयंपाकघराने नवा उभा केला. कारखान्यातल्या पाकिटावर सगळे घटक छापणं सक्तीचं, पण दुकानाने स्वतःच बनवून जागेवर भरलेल्या पाकिटाला पुष्कळ ठिकाणी सूट होती, जणू ते ताटात वाढलेलं जेवण आहे. गिऱ्हाइकाला दोन्ही पाकिटं सारखीच दिसत. २०१६ साली नताशा एडनान-लापरूज या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा अशाच एका सँडविचमधल्या तिळांच्या अ‍ॅलर्जीने मृत्यू झाला. पाकिटावर तिळांचा उल्लेख नव्हता, आणि तेव्हाच्या नियमांत तो सक्तीचाही नव्हता. तिच्या आई-वडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा पाकिटांवरही सगळे घटक आणि अ‍ॅलर्जी आणणारे जिन्नस ठळकपणे छापणं तिथे बंधनकारक झालं. जिथे जिथे दुकानं स्वयंपाक करतात तिथे तिथे हा नियम असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पोषणाबद्दल थोडक्यात. तयार जेवण म्हणजे आपोआप वाईट, असं नाही. भाजलेली कोंबडी आणि उकडलेल्या भाज्या दुकानात शिजल्या म्हणून निकृष्ट होत नाहीत. पण टिकावं आणि पुन्हा गरम केल्यावरही चव लागावी म्हणून मीठ, साखर, चरबीचा हात सैल सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावं. डब्यावर मिठाचा आकडा पाहताना तो शंभर ग्रॅममागे दिलाय की अख्ख्या डब्यामागे, हे आधी बघावं.

डब्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भट्टीत आणि मायक्रोवेव्हमध्ये चालणारे कितीतरी ट्रे काळ्या रंगाचे असतात, कारण काळ्यावर अन्न उठून दिसतं. पण त्या काळ्या रंगातला कार्बन अवरक्त किरण शोषून घेतो, आणि पुनर्वापर केंद्रातली यंत्रं त्याच किरणांनी प्लॅस्टिक ओळखतात. ट्रे पुनर्वापराचा असूनही यंत्राला दिसत नाही आणि कचऱ्यात जातो. फक्त रंग बदलला तरी हे टळतं, आणि काही दुकानांनी तो बदललाही आहे.

लहान दुकानांचं काय

वरचं सगळं वाचून असं वाटेल की हा खेळ फक्त मोठ्यांचा आहे. मध्यवर्ती स्वयंपाकघर, गार गाड्या, अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर हे खरंच मोठ्यांनाच परवडतं. पण मध्यवर्ती स्वयंपाकघराची एक मर्यादा आहे. प्रवास आणि कपाटातले दिवस सोसेल असाच पदार्थ तिथे बनवता येतो, त्यामुळे चवी एकमेकींसारख्या होत जातात. लहान दुकानाला प्रवासच नसतो. तीस पदार्थांऐवजी चार पदार्थ, तेही ठरलेल्या वारी, एवढं केलं तरी त्याच्याकडे उरणारा माल फार कमी होतो, कारण गिऱ्हाईक त्या वाराला त्या पदार्थासाठी येतं.

वरचं ६० आणि १०० चं गणित पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सगळी अडचण एका अनिश्चिततेत होती: डबा खपेल की नाही? सकाळी फोनवर ऑर्डर आणि पैसे घेतले की ती अनिश्चितता जवळजवळ संपते. साखळी दुकानं यासाठी अ‍ॅप काढतात, मुदत जवळ येईल तसा भाव उतरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाट्या लावतात. लहान दुकानदाराकडे गिऱ्हाइकांची नावं आणि सवयी आधीच पाठ असतात. आगाऊ ऑर्डरीवर स्वयंपाक करणाऱ्याला प्रत्येक डब्यामागे थोडा कमी नफा घेऊनही परवडतं, कारण फेकलेल्या डब्यांचा खर्च त्याला विकलेल्या डब्यांवर चढवावा लागत नाही. मग तोच डबा गिऱ्हाइकालाही स्वस्त पडतो.